नानांच्या चष्म्याचं माप

माणूस चष्म्याची फ्रेम कशी निवडतो त्यावरून मी त्याचा हिशेब मांडते. पहिलीच फ्रेम नाकावर ठेवून "हीच द्या" म्हणणारा घरी बायकोला भिणारा असतो. दुकानातली प्रत्येक फ्रेम लावून शेवटी "उद्या येतो" म्हणणारा उद्या येत नाही. आणि आरशात स्वतःला सोडून मागे कोण उभं आहे ते बघणारा जो असतो, त्याला मी खुर्ची देते, पाणी देते, पण घरातलं काही सांगत नाही.

बाफूरने आरसा मागितलाच नाही. चष्मा त्याचा नव्हता, त्याच्या मामाचा होता. मामा म्हणजे आमचे नाना, अबोफोक्रोमच्या, म्हणजे आमच्या गावच्या, आसनावरचे राजे. आमच्याकडे आसन बापाकडून लेकाकडे जात नाही, आईच्या रक्ताने जातं, मामाकडून भाच्याकडे. म्हणजे नाना उठले की बसायला बाफूर होता. गावात हे कोणी बोलत नसे आणि कोणी विसरतही नसे.

"मास्टर," त्याने माझ्या नवऱ्यापुढे, यावपुढे, कुमासी शहरातल्या डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली, "नव्या कंदांच्या सणाला नानांच्या डोळ्यांवर चांगला चष्मा पाहिजे. इस्पितळातून दिलेला तयार चष्मा घालून राजा लोकांपुढे येणार का?"

यावने चिठ्ठी वाचली आणि शीळ घातली. नानांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला होता. तसल्या डोळ्यांना लागणारी काच म्हणजे तव्यावरचं अंडं. कडेला पातळ आणि मधे बलकासारखा जाड फुगवटा. घालणाऱ्याचे डोळे बाहेरून बशीएवढे दिसतात.

"नंबर आहेत," याव म्हणाला. "दोन डोळ्यांमधलं अंतर नाही लिहिलेलं. ते मला घ्यावं लागेल. नानांच्या समोर बसून."

बाफूर हसला. मीही हसले, कारण हसण्यासारखंच होतं. नानांच्या समोर बसायचं, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालायचे, नाकावर पट्टी टेकवायची? आमच्या गावात नानांशी थेट बोलतसुद्धा नाहीत. त्यांचा शब्द ओचामे, म्हणजे राजाच्या वतीने बोलणारा बोआतेंग, आपल्यापर्यंत आणतो आणि आपला त्यांच्यापर्यंत नेतो. समोर जायचं ते अनवाणी, खांद्यावरचं कापड उतरवून, नजर जमिनीला लावून. त्यांच्या डोक्याला हात लावणं तर दूरच. कुमासीच्या इस्पितळात ते दुसऱ्याच नावाने ॲडमिट झाले होते, तिथे ते फक्त एक म्हातारा पेशंट होते. इथे ते नाना होते.

"मी आहे की," बाफूर म्हणाला आणि खुर्चीत बसला. "आख्खं गाव म्हणतं, मामाचा चेहरा भाच्यावर आलाय. एका आईचं रक्त. माझंच माप घ्या."

इथे आमच्या माणसांची चूक बघा. यावला, मला, दुकानात बसलेल्या शिंप्याला, कुणालाही यात वावगं वाटलं नाही. मामाचं कापड भाच्याच्या खांद्यावर टाकून बघतात, मामाच्या चपला भाच्याच्या पायावर बेततात, मग डोळ्यांचं काय मोठंसं? यावने पट्टी लावली, मोजलं, फ्रेममधल्या साध्या प्लास्टिकवर बाफूरच्या बाहुल्यांसमोर पेनाने दोन ठिपके काढले.

"हे ठिपके कशासाठी?" बाफूरने विचारलं.

आता माझ्या नवऱ्याला कामाबद्दल विचारलं की झालं. "काचेचा मध्य बरोबर बाहुलीसमोर आला पाहिजे. साध्या नंबराला थोडं इकडेतिकडे चालतं. पण या काचेला नाही. एका डोळ्याची काच तांदळाच्या दाण्याएवढी जरी वरखाली बसली ना, तर एकाची दोन दिसतात. एकावर एक. पायरी एक असेल तर दोन दिसतील, आणि पाय कुठल्या पायरीवर टाकायचा ते देवालाच माहीत."

"तांदळाच्या दाण्याएवढी," बाफूर म्हणाला. त्याने ते हळू म्हटलं, बाजारात भाव ऐकल्यावर मनात पक्का करून ठेवावा तसं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "एवढं सगळं त्याला कशाला सांगितलंस?"

"विचारलं म्हणून. तुम्हा किनाऱ्यावरच्या बायकांना प्रत्येकात काहीतरी वास येतो. मासळीत वाढल्याचा परिणाम."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी मी या माणसांना किनाऱ्यावरचीच. असो.

पायऱ्यांचं सांगते, कारण सगळं त्यावर होतं. सणाच्या दिवशी आसनगृहाच्या दगडी पायऱ्या नाना एकटे उतरतात. इतर वेळी दोन्हीकडून माणसं धरतात, त्या दिवशी कोणी हात लावायचा नाही. आणि राजाचं पाऊल उघड्या जमिनीला लागायचं नाही. लागलं तर सगळ्या गावावर काहीतरी येतं, असं मानतात. मागच्या वर्षी मोतीबिंदूने आंधळे झालेले नाना शेवटच्या पायरीवर चुकले. डावी चप्पल निसटली, पाऊल मातीत टेकलं. लगेच मेंढा कापला, शुद्धी झाली. पण त्यानंतर महिन्याभरात दोन बाळंतिणी गेल्या आणि वीज पडून कोकोची वखार जळाली, तेव्हा थोरली मंडळी उघड बोलू लागली: पुन्हा असं झालं तर नानांच्या पायातल्या चपला काढून घ्यायच्या. आमच्याकडे राजाला उतरवतात ते असंच. चपला काढल्या की राजा संपला. त्यानंतर तो कुठे जातो, काय खातो, किती दिवस जगतो, हे कोणी विचारत नाही.

यावने काचा घासल्या, बसवल्या. राजधानीहून त्याने दोन जोड मागवले होते, एखादी तडकली तर म्हणून. तडकली नाही. चष्मा देखणा झाला, दोन फुगवटे एका ओळीत, पाणसळ धरून लावल्यासारखे.

सणाच्या आठवड्यात मी माझं नवं कापड इस्त्रीला घेतलं. त्या वर्षी गावातल्या सगळ्या बायकांनी एकच कापड शिवलं होतं, पिवळ्या जमिनीवर गोलात नानांचा चेहरा. चेहरे नुसते ओळीने पसरलेले, मांडीवर एक, पोटावर एक, आणि शिंप्याच्या कृपेने माझ्या बसायच्या जागेवर बरोबर एक. त्यावरून यावने मला दोन दिवस छळलं होतं. मी इस्त्री फिरवत होते आणि माझा हात थांबला.

"याव, इकडे ये."

"जाळलंस?"

"नानांचा डावा डोळा बघ."

त्याने बघितलं. "छपाई हललीय."

"सगळ्या गोलांत एकसारखी?"

"ठसा एकच असतो, मामे एकुवा. एकदा चुकला की सगळीकडे चुकतो." मामे म्हणजे बाई; गाव मला असंच हाक मारतं, आणि शहाणपणा शिकवायचा असला की यावही.

"ठसा फोटोवरून करतात ना? आणि नाक सरळ आहे, तोंड सरळ आहे, मुकुट सरळ आहे. डोळाच तेवढा कसा हलला?"

मी कापड मांडीवर ओढलं, त्याने खिशातून पट्टी काढून त्यावर ठेवली. शेजारची अदोमा दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "दिवसाढवळ्या? दार तरी लावा." याव हसला नाही. उजव्या डोळ्यापासून त्याने आडवी रेघ धरली, डावी बाहुली त्या रेघेच्या खाली होती. त्याने अदोमाचं कापड मोजलं, मग पुन्हा माझं. मग पट्टी खिशात ठेवायची विसरून ती हातात धरूनच बसला.

"बाफूरचे डोळे सरळ आहेत," तो म्हणाला.

"बाफूर लहानपणापासून मामाच्या मांडीवर वाढला," मी म्हटलं. "आपल्या मामाचा डोळा खाली आहे हे त्याला माहीत नसेल, असं तुला वाटतं?"

यावने पट्टी खिशात घातली.

नानांच्या डोक्याला हात लावू शकेल असं गावात एकच माणूस होतं. त्यांची बहीण, ओहेमा. राजमाता म्हणा हवं तर. नाना गेले तर पुढच्याचं नाव तीच घेणार. आणि बाफूर तिचाच मुलगा. मी यावला म्हटलं, हा हिशेब मला आवडत नाही. तो म्हणाला, भाऊ आहे तिचा, पाठचा. मी म्हटलं, मुलगा पोटचा आहे.

तरी गेलो. दुसरं दार नव्हतं.

ओहेमाचे केस कापणं चाललं होतं. डोक्याभोवती गोल, वर काळा रंग, जसे फक्त राजमातांचेच असतात. ती डोकं न हलवता बोलत होती, त्यामुळे ती कुणाकडे बघत्येय ते कळत नव्हतं.

याव जमिनीकडे बघत म्हणाला, "ओहेमा, मापात थोडी शंका आहे. आपण नानांच्या समोर, त्यांच्याइतक्याच उंचीवर बसायचं. ही रिकामी फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवायची. त्यांनी ओहेमांच्या नाकाच्या शेंड्याकडे बघायचं, आणि बाहुली दिसेल तिथे प्लास्टिकवर ठिपका. एकेका डोळ्याला एक."

"माझ्या मुलाचं माप घेतलं होतं ना?"

"हो. पण दोन माणसांचे डोळे..."

"माझ्या आईने आम्हाला एकाच साच्यातून काढलं, मास्टर." ती हसली. "तरी करते. पेन ठेव. बाफूरच्या मापाचा कागदही ठेव."

निघताना तिने मला थांबवलं. "किनाऱ्यावरची ना तू? तिकडे बायका नवऱ्याच्या कामात फार लक्ष घालतात म्हणे."

"नवरेच घालू देतात, ओहेमा. त्यांना हिशेब जमत नाही."

"तुला जमतो," ती म्हणाली. न्हावीण तिच्या मानेवरचे केस झटकत होती.

दुसऱ्या दिवशी फ्रेम आली. दोन ठिपके. यावने पट्टी लावली. बाफूरच्या मापात आणि यात एका केसाचा फरक नव्हता. सरळ, स्वच्छ, सुकलेले.

मी म्हटलं, "झालं मग. छपाईच चुकली."

याव बराच वेळ ती फ्रेम उजेडात धरून होता. "मी हे काम इतकी वर्षं करतोय. समोरचा माणूस डोळा मिचकावतो, मान हलवतो, ठिपका थोडा फिसकटतोच, पुसून परत करावा लागतो. म्हाताऱ्यांचा तर हमखास. हे ठिपके बघ. मांडीवर फ्रेम ठेवून, माझ्याच मापावर पट्टी धरून काढलेत."

त्याने ते अगदी शांतपणे सांगितलं. बाहेर मुलं सणासाठी ढोल तापवत होती. मी इस्त्रीतले निखारे विझवायला गेले, जे आधीच विझलेले होते.

आता बोलायचं कुणाकडे? मी मांडून बघितलं. नाना पडले तर कोणाचा फायदा: बाफूरचा, त्याच्या आईचा, बाफूरच्या मागे फिरणाऱ्या निम्म्या थोरल्या मंडळींचा. नुकसान कोणाचं: नानांचं. आणि ओचामे बोआतेंगचं. त्याच्या हातातली सोन्याची काठी नानांनी दिलेली, नवा राजा नवा ओचामे आणेल. माणूस चांगला की वाईट याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. त्याचं पोट नानांच्या पोटाला बांधलेलं होतं, एवढं पुरे.

"पण नुसत्या संशयावर तो काय करणार?" याव म्हणाला. "आधी मला खरा डोळा बघायला हवा."

"बघता येत नाही."

"बघितला तर दंड. एक मेंढा आणि जिनच्या बाटल्या. मान नाही कापत हल्ली."

"हल्ली," मी म्हटलं.

गुरुवारी तो दरबारात गेला, काचा तयार आहेत असं कळवायच्या निमित्ताने. मी बायकांच्या बाजूला बसले. याव अनवाणी, कापड कमरेपर्यंत उतरवून गुडघ्यांवर बसला. नाना वर आसनावर, इस्पितळातला तो तयार चष्मा नाकावर. बाफूर बाजूला उभा. यावने ओचामेला निरोप सांगितला, ओचामेने तो सजवून नानांना सांगितला. आणि मग माझ्या नवऱ्याने मान वर केली.

क्षणभरच. पण दरबारात तेवढ्याने सगळी कुजबुज थांबली.

त्याला पट्टीची गरज नव्हती. तयार चष्म्याचे फुगवटे एका ओळीत असतात, हे त्याला ठाऊक होतं. उजवी बाहुली फुगवट्याच्या मधोमध होती. डावी तांदळाच्या दाण्याएवढी खाली.

"मास्टरची नजर वर गेली," ओचामे बोआतेंग म्हणाला. त्याचा आवाज आवडत्या नोकराला रागवावं तसा होता.

"मी नानांकडे नाही बघितलं," याव म्हणाला. "काचेकडे बघितलं. धंद्याची खोड."

नाना हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, कोरडं, शेंगा फोडल्यासारखं. ते ओचामेकडे वळून काही बोलले, आणि ओचामेने ते मोठ्याने सांगितलं: "नाना म्हणतात, मास्टर एकटाच आलाय की भावाला डोक्यावर बसवून आणलाय? त्यांना एकावर एक दोन दिसताहेत."

सगळे हसले. राजाने विनोद केला की हसतात. मी यावकडे बघितलं, तो हसत नव्हता. मग बाफूरकडे बघितलं. तोही हसत नव्हता, तो यावकडे बघत होता. आणि त्या वेळी दोघांना एकमेकांबद्दल जे कळायचं ते कळलं.

दंड ठरला: मेंढा आणि जिन, सणाच्या आधी, स्वतः आणून ओचामेच्या हातात द्यायचं.

यावने दुसरा जोड काढला. दुकानाचं दार लावून दिवसभर चाक फिरवत बसला. उजवी काच होती तशी, डावीचा मध्य खाली घेतला. हा दुसरा चष्मा टेबलावर ठेवला की वेडावाकडा दिसे, एक बलक वर, एक खाली, जसा कोणी दारू पिऊन बसवलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाफूर आला. एकटा नव्हता, त्याच्याबरोबर दोन तरणे होते. ते आत न येता पायरीवर बसले.

"चष्मा न्यायला आलो, मास्टर."

यावने पहिला जोड पुढे केला, सरळ फुगवट्यांचा. बाफूरने तो उजेडात धरला, बराच वेळ तिरका करून बघितला आणि समाधानाने मखमलीच्या पिशवीत घातला.

"आईने काढलेल्या ठिपक्यांवरच आहे ना?"

"ठिपक्यांवरच," मी म्हटलं. "आपल्या मापाशी अगदी जुळतं. रक्त एकच ना."

"दुसरा जोड होता ना तुमच्याकडे? राजधानीहून दोन आले होते, ऐकलं."

"एक काच तडकली," याव म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, कान हलतात त्याचे. बाफूरने कानांकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो इतकंच म्हणाला, "काच आहे. तडकायचीच. माणसंसुद्धा तडकतात." मग माझ्याकडे वळून, "मामे एकुवा, मेंढा चांगला बघून घ्या. दंडाचा मेंढा बारीक असला तर लोक नावं ठेवतात."

मेंढा मी चांगलाच बघून घेतला. ओचामेच्या अंगणात याव गुडघ्यावर बसला. मेंढ्याची दोरी, बाटल्या, आणि बाटल्यांभोवती गुंडाळलेल्या फडक्यात दुसरा चष्मा. जे सांगायचं ते त्याने हळू आवाजात सांगितलं: डावा डोळा, भाच्याचं माप, बहिणीचे ठिपके.

बोआतेंगने ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. अशी माणसं दुसऱ्याचे शब्द नेता नेता आपला चेहरा रिकामा ठेवायला शिकतात. त्याने फडकं उचललं, कापडाच्या घडीत सरकवलं आणि मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"जरा बारीक आहे," तो म्हणाला आणि आत गेला.

घरी येताना याव म्हणाला, "म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे मेंढा बारीक आहे," मी म्हटलं. मलाही कळलं नव्हतं. ओचामेचं पोट कुणाच्या पोटाला बांधलंय हे मी मांडलं होतं खरं, पण बाफूरने त्याला काठी ठेवू देण्याचं आधीच कबूल केलं असेल तर माझा सगळा हिशेब उलटा पडणार होता. ते मला वाटेत सुचलं. सांगितलं नाही.

सणाचा दिवस लख्ख उजाडला, ढग नाही, वारा नाही. आसनगृहासमोर आख्खं गाव, सगळ्या बायकांच्या अंगावर नानांचे चेहरे. छत्र्या, ढोल, बंदुकांचा धूर. पायऱ्यांच्या एका बाजूला ओहेमा, दुसऱ्या बाजूला थोरली मंडळी, आणि त्यांच्यात बाफूर, पांढऱ्या कापडात. नवे कंद टोपल्यांतून रचलेले.

नाना दारात आले. धरणारे हात बाजूला झाले. एवढ्या लांबून मला फक्त दोन चमकणाऱ्या काचा दिसत होत्या.

"कुठला?" मी यावला विचारलं.

त्याने डोळे बारीक केले. "एवढ्या लांबून दिसत नाही."

नानांनी पाय उचलला. ढोल थांबले, कारण या वेळी थांबतात. पहिली पायरी. चप्पल दगडावर टेकल्याचा आवाज. दुसरी. एक म्हातारा थोरला पुढे झुकला होता, हात गुडघ्यांवर, जणू काही पडलं तर झेलायला, किंवा पडताना नीट दिसावं म्हणून. नाना मधे थांबले. खाली बघितलं. मान थोडी हलवली. ऊन काचांवर आलं असावं, कोण जाणे. मग पुढची पायरी, मग त्यापुढची, न चाचपता, तरण्या माणसासारखी, आणि शेवटची. चप्पल चटईवर पडली. पाऊल चपलेत.

बंदुका सुटल्या. बायका ओरडल्या. यावने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठला.

"डावा खाली आहे," तो म्हणाला. "आता दिसतंय. आपला आहे."

सगळ्यात जोरात टाळ्या बाफूर वाजवत होता. त्याच्याकडे मी बघितलंच नाही, तो हिशेब सोपा होता. मी ओहेमाकडे बघितलं. सगळं गाव नानांच्या पायांकडे बघत होतं, आणि ती भावाच्या चेहऱ्याकडे. नाना तिच्यापासून चार हातांवर थांबले होते. तिथून फुगवटे कोणालाही दिसतात, एक वर, एक खाली. आपण काढलेले ठिपके एका ओळीत होते, हे तिला चांगलं माहीत होतं. तिने एकदा मुलाकडे बघितलं. मग सावकाश गर्दीत नजर फिरवायला लागली, ओळीने, कोणालाही न वगळता, आणि आमच्यापाशी येऊन थांबली. तिने मान झुकवली. राजमाता अशी कुणापुढे मान झुकवत नाही.

नानांची पालखी उचलली तेव्हा तिची एक बाई गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आली.

"मास्टर, ओहेमांनी सांगितलंय, उद्या दोघंही घरी या. त्यांना चष्मा करून घ्यायचाय."

"येतो म्हणावं," मी म्हटलं.

ती गेली. याव तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"तिला सुईत दोरा ओवताना मी स्वतः बघितलंय," तो म्हणाला. "चष्मा नाही लागत तिला."

"मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि त्याला ओढत ढोलांच्या मागे चालायला लागले. सगळं गाव नाचत होतं. आम्ही दोघंच थांबलेले दिसणं बरं नव्हतं.